पोचपावती

आमच्याकडील सभा-समारंभांत आभारप्रदर्शनाचा कार्यक्रम सर्वांत शेवटी असतो, आणि त्याकडे कोणाचेही लक्ष नसते, हे आम्ही गेली तीस वर्षे शाळेच्या व्यासपीठावरून पाहत आलो आहोत. आभार मानणारे शिक्षक कागदावरची नावे भराभर वाचीत असतात, मागच्या रांगेतील मंडळी चपला शोधीत असतात, आणि अध्यक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे चोरून पाहत असतात. ज्याचे नाव यादीतून राहून गेले, तो एकटाच काय तो कान देऊन ऐकत असतो.

घरात तर आपण आभार हा शब्द उच्चारीतही नाही. बायकोने पानात गरम भाकरी वाढली म्हणून 'मी आपला आभारी आहे' असे कोणी म्हटले, तर घरातील माणसे त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहतील. आभार हा आपल्याकडे व्यासपीठावरचा शब्द. मग घरात, शेजारात, शाळेत, कचेरीत जी माणसे रोज आपले आयुष्य थोडेथोडे सुसह्य करीत असतात, त्यांना आपण काय म्हणतो? बहुधा काहीच म्हणत नाही. या प्रश्नाशी आमची गाठ एका माठाने घालून दिली. त्या माठाची ही हकीकत. ती सांगताना आम्हांला थोडे ओशाळल्यासारखे होते. परंतु दर महिन्याला वाचकांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणाऱ्याने वर्षातून एकदा तरी आपला वेडेपणाही सांगावा, असे आम्हांला वाटते.

आमची शाळा खानापूर तालुक्यात आहे. सरकारी मराठी शाळा; कौलारू इमारत, पुढे पटांगण, पटांगणाच्या कडेला फणसाचे झाड. २०१२ साली आम्ही तेथे मुख्याध्यापक म्हणून रुजू झालो, तेव्हा वऱ्हांड्याच्या कोपऱ्यात, लाकडी तिवईवर, एक तांबडा माठ होता. माठाला ओले फडके गुंडाळलेले, तोंडावर पितळी झाकण, शेजारी खुंटीला लांब दांड्याचे ओगराळे. सकाळी आम्ही येत असू तेव्हा माठ भरलेला असे; दुपारी मुले जेवून उठत तेव्हाही भरलेला असे; चार वाजता आम्ही पाणी पीत असू तेव्हाही भरलेलाच असे. सूर्य उगवतो, पाऊस पडतो, तसा माठ भरतो, अशी आमची समजूत झाली होती. तो कोण भरते, हा प्रश्न आम्हांला कधी पडला नाही.

माठ भरीत असत त्या आक्का. दुपारच्या आहाराचा स्वयंपाक करण्यासाठी त्या मानधनावर होत्या. शाळा भरण्याच्या तासभर आधी त्या येत, माठातले शिळे पाणी फणसाच्या मुळाशी ओतीत, आतून हाताने माठ विसळीत, कूपनलिकेचे पाणी बिंदगीने आणून दुहेरी फडक्यातून गाळीत, आणि मग चुलीकडे वळत. हे सारे आम्हांला आज माहीत आहे. त्या वेळी नव्हते. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या वयाची साठ वर्षे पूर्ण झाली आणि नियमाप्रमाणे त्यांना थांबावे लागले. शेवटच्या दिवशी आम्ही त्यांना शाल आणि नारळ दिला. आभारप्रदर्शनही झाले. ते कसे झाले असेल हे वर सांगितलेच आहे.

त्या वर्षी पाऊस लांबला. जूनमध्ये शाळा पुन्हा भरली तेव्हा ऊन एप्रिलसारखेच तापत होते. पहिल्याच दिवशी चौथीतील एक मुलगी आमच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "सर, माठ कुठं गेला?"

आम्ही वऱ्हांड्यात जाऊन पाहिले. सुट्टीत पटांगणावर खेळणाऱ्या कोणा मुलाचा चेंडू लागला असावा. तिवईखाली खापऱ्या पडल्या होत्या. मुले कूपनलिकेच्या नळाखाली ओंजळ धरून कोमट पाणी पीत होती. नव्याने आलेल्या स्वयंपाकीण बाई आपले काम चोख करीत होत्या. पण माठ भरणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत लिहिलेले नव्हते. ते आक्कांच्याही यादीत कधी नव्हते, हेही तेव्हाच कळले.

नवा माठ घ्यावा म्हणून, मागे कितीला घेतला होता ते पाहण्यासाठी आम्ही किरकोळ खर्चाची वही काढली. खडूंच्या पेट्या होत्या, केरसुण्या होत्या, कुलपे होती, घंटेचा दोरसुद्धा होता. माठ नव्हता. २०२३ मध्ये नव्हता, २०२२ मध्ये नव्हता. पाने उलटीत आम्ही थेट आमच्या रुजू होण्याच्या सालापर्यंत गेलो, तरी माठ नव्हता. शाळेत अकरा वर्षे जी वस्तू आम्ही डोळ्यांनी पाहिली, जिचे पाणी रोज प्यालो, ती सरकारी दप्तराप्रमाणे अस्तित्वातच नव्हती.

त्या आठवड्याच्या बाजारी आम्ही खानापूरला गेलो. खानापूरची माती मडक्यांसाठी आणि कौलांसाठी पूर्वापार नावाजलेली आहे. कुंभारकाम शिकविणारी संस्थाही तेथे आहे. मलप्रभेच्या आसमंतातील ही चिकण तांबडी माती, आणि तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या फिरत आलेले हात. एका म्हाताऱ्या कुंभाराजवळ आम्ही बसलो, शाळेचे नाव सांगितले. तो म्हणाला, "तुमच्या शाळेचा माठ व्हय? आक्का न्हाई आल्या ह्या खेपेला? दर साली शिमग्याआधी त्याच येऊन नेत्यात की."

"दर साली?" आम्ही विचारले. "एक माठ एकाच वर्षात बाद होतो?"

मग त्या निरक्षर माणसाने आम्हांला माठ समजावून सांगितला. माती भिजवून तुडविताना तिच्यात राख आणि तूस मिसळतात. भट्टीत तूस जळून जाते आणि त्याच्या जागी डोळ्यांना न दिसणारी छिद्रे राहतात. त्या छिद्रांतून पाणी झिरपून बाहेर येते आणि वाऱ्याने उडून जाते. म्हणून आतले पाणी गार होते. पण पाण्यातला क्षार हळूहळू त्या छिद्रांत बसतो. वर्षभरात ती बुजतात, माठाला घाम येईनासा होतो, आणि पाणी गार व्हायचे थांबते. "मग त्यात धान्य भरावं न्हाईतर तुळस लावावी," तो म्हणाला, "पाण्याला न्हाई चालत."

यातील शास्त्र आम्ही सातवीच्या वर्गाला अनेक वर्षे शिकवीत आलो आहोत. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी, आपल्या हवेच्या तापमानाला, सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ही उष्णता ते पाणी माठातल्या उरलेल्या पाण्याकडून घेते. १० लिटरच्या माठातून केवळ १०० ग्रॅम पाणी उडून गेले आणि बाहेरची उष्णता आत आली नाही असे धरले, तर राहिलेले पाणी जवळजवळ पावणेसहा अंशांनी थंड होते. हवा कोरडी आणि वाहती असली की हे काम झपाट्याने चालते. म्हणून आमच्या भागात फाल्गुन-चैत्रात माठ जसा गार होतो, तसा कोकणातल्या दमट हवेत होत नाही. हे सारे आम्ही फळ्यावर आकृती काढून शिकविले. मात्र त्या आकृतीपासून दहा पावलांवर उभा असलेला माठ दरवर्षी नवा कसा होतो, याचा विचार आमच्या मनात आला नाही. ज्ञान आणि जाण यांत अंतर असते, असे आम्ही मुलांना निबंधात लिहावयास सांगतो. ते अंतर आमच्या शाळेत दहा पावलांचे होते.

कुंभाराने एक माठ पुढे केला. आम्ही पैसे दिले आणि, हाडीमासी खिळलेल्या सवयीने, म्हणालो, "पावती?"

म्हातारा हसला. "मातीच्या भांड्याला कसली पावती ओ सर? वाजवून बघा, तीच पावती." आणि त्याने बोटाच्या पेराने माठावर टकटक केले. माठ खणखणीत वाजला.

वाचकहो, गोरोबाकाकांची कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले, आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले. त्या दिवशी खानापूरच्या बाजारात थापटणे माठावर पडले नाही, आमच्या डोक्यावर पडले. कारण 'पावती' हा शब्द कानी येताच आम्हांला दहा वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली.

२०१३ सालचा मार्च महिना. आम्ही वार्षिक परीक्षेच्या कागदांत बुडालो होतो. आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. पदराला हात पुशीत त्या म्हणाल्या होत्या, "सर, माठ नवा आणलाय. ऐंशी रुपये झाले." आणि आम्ही मान वर न करता म्हणालो होतो, "पावती आणा, मग पाहू." त्या क्षणभर थांबल्या, आणि गेल्या. त्यानंतर त्यांनी आमच्याकडे माठाचा विषय पुन्हा काढला नाही. माठ मात्र दरवर्षी येत राहिला. कुंभाराच्या हिशेबाने अकरा वर्षांत बारा. एक मध्येच फुटला होता.

आमच्या घरी दरवर्षी अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने उदककुंभाचे दान होते. पाण्याने भरलेला मातीचा घट, वर वाळ्याची जुडी, सोबत दक्षिणा. वडिलांच्या मागे आम्ही ते एकदाही चुकविलेले नाही. त्या घटाची पावती आम्ही भटजींकडे कधी मागितली नाही. शेसव्वाशे जिवंत लेकरांना रोज गार पाणी पाजणाऱ्या बाईकडे मात्र मागितली.

रविवारी आम्ही आक्कांच्या घरी गेलो. बारा माठांची किंमत अंदाजाने काढून, दोन हजार रुपये पाकिटात घातले होते. आमच्या भागातल्या रीतीप्रमाणे त्यांनी आधी गूळ-पाणी पुढे ठेवले. पाणी गार होते. मग आम्ही आलो त्याचे कारण सांगितले आणि पाकीट पुढे केले. त्यांनी ते उघडून पाहिले, नोटा मोजल्या, आणि पाकीट आमच्या समोर ठेवून म्हणाल्या, "पैसे घेते सर. पण ऐंशी द्या. पहिल्या माठाचे. ते मी तुमच्याकडं मागितले होते. बाकीचे मी मागितले न्हवते, ते पोरांचे."

आम्ही शंभराची नोट काढली. त्यांनी आत जाऊन वीस रुपये आणून आमच्या हातावर ठेवले. आयुष्यात आम्ही पुष्कळ हिशेब तपासले; इतका चोख हिशेब पाहिला नाही.

निघताना त्यांनी विचारले, "सर, ते बारीक सर कुठं असतात ओ आता? चष्म्याचे?" त्या कोणाविषयी बोलत आहेत हे आमच्या चटकन ध्यानात आले नाही. मग आठवले. एक तरुण शिक्षक दोनच वर्षे आमच्या शाळेत होते, पुढे बदली होऊन गेले. शिक्षक म्हणून त्यांची फारशी छाप आमच्यावर पडली नव्हती. दप्तरातही ते थोडे ढिले होते. आम्ही म्हणालो, "त्यांची का चौकशी?"

"रोज पाणी पिऊन म्हणायचे, 'आक्का, आज गार आहे हं.' " एवढेच बोलून त्या थांबल्या.

परतीच्या बसमध्ये आमच्या मनात हेच वाक्य घोळत होते. त्या तरुणाने आभार मानले नव्हते. त्याने फक्त पाणी गार आहे असे म्हटले होते. आणि आमच्या लक्षात आले की, आपल्या मराठीत आभार मानण्याची खरी रीत हीच आहे. 'धन्यवाद' हा शब्द आपल्या जिभेवर अजून परक्यासारखा वावरतो. पण 'आमटी आज जमून आली', 'अंगण कसं लख्ख झाडलंय', 'दिवा वेळेवर लावलास', 'हाक मारलीस ते बरं झालं', ही आपली पूर्वापार आभाराची भाषा. तीत मी आणि तू यांची देवघेव नसते. केलेल्या वस्तूकडे बोट दाखवून, ती पाहिली एवढेच सांगितलेले असते. करणाऱ्याला तेवढे पुरे असते. किंबहुना त्याला तेवढेच हवे असते. बारा माठांचे दोन हजार रुपये आक्कांनी परत केले. ते एक वाक्य त्यांनी जपून ठेवले होते.

मराठीत या गोष्टीला एक नेमका शब्द आहे, आणि तो आम्ही आयुष्यभर चुकीच्या जागी वापरला. तो शब्द पावती. पावणे म्हणजे पोहोचणे, मिळणे. जी वस्तू पावली, ती पावल्याची खूण म्हणजे पावती. आणि ती, वाचकहो, घेणाऱ्याने द्यावयाची असते. पाणी आक्कांनी दिले, प्यालो आम्ही. म्हणजे पावती आमच्याकडून त्यांना जावयास हवी होती. आम्ही ती उलट त्यांच्याकडेच मागत बसलो, आणि अकरा वर्षे त्यांच्या पाण्याची पोच दिली नाही.

आपण ही पत्रिका वाचणारी मंडळी महाराष्ट्राबाहेर नांदतो. बेळगाव असो, बडोदे असो, ग्वाल्हेर असो की हैदराबाद. आपल्या घरांतून मराठी टिकावी म्हणून आपण मेळावे भरवितो, ठराव करतो, व्याख्याने ठेवितो. ते सारे हवेच. परंतु भाषा घरात राहते ती अशा लहान वाक्यांच्या आधाराने, असे आता आम्हांला वाटू लागले आहे. आजीने केलेल्या मेतकुटाला नातवाने मराठीत 'छान' म्हटले, तर आजीचे मेतकूट आणि नातवाची मराठी, दोन्ही टिकतात. तो काहीच न बोलता ताटावरून उठला, तर पुढच्या वर्षी डाळी भाजण्याचा खटाटोप आजी कशासाठी करील?

या हकीकतीचा उत्तरार्ध थोडक्यात सांगतो. २०२४ च्या मार्चमध्ये आम्ही शाळेसाठी पुन्हा नवा माठ आणला आणि त्याचा खर्च वहीत रीतसर लिहिला. सोबत एका कोऱ्या कागदावर लिहिले, की विक्रेता कुंभार असून पावती देत नाही. माठ आम्ही समक्ष पाहून, वाजवून घेतला आहे. खाली सही केली. पुढे तपासणीसाठी वरिष्ठ आले. त्यांनी वही पाहिली, तो कागद वाचला, आणि काही न बोलता पान उलटले. म्हणजे हे २०१३ सालीही होऊ शकले असते. नियमाने आमचा हात धरला नव्हता. आम्हांला मान वर करावयाची नव्हती, एवढेच.

आता आठवड्याच्या पाळीने दोन-दोन मुले माठ विसळून भरतात. त्यांची नावे वऱ्हांड्यातील फळ्यावर रोज लिहिलेली असतात. ती वाचूनच पाणी प्यावे, असा शाळेचा नवा नियम आहे. तो सर्वांत आधी मुख्याध्यापकांना लागू आहे.

घरी मात्र नियम करून भागत नाही. मागच्या उन्हाळ्यात एके संध्याकाळी आम्ही बसमधून उतरून घामाघूम होऊन घरी आलो. आमच्या मंडळींनी नेहमीप्रमाणे तांब्या-भांडे पुढे ठेवले. सत्तावीस वर्षे ते तसेच पुढे येत आहे. आम्ही पाणी प्यालो, आणि सारे बळ एकवटून म्हणालो, "पाणी गार आहे हं आज."

त्यांनी क्षणभर आमच्याकडे निरखून पाहिले. "बरं नाही का वाटत?" त्यांनी विचारले. आम्ही बरे असल्याचे सांगितले. "माठ नवा आहे," एवढे बोलून त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी तांब्या-भांड्यासोबत बशीत गुळाचा एक खडाही आला.